सहाशे ठिपक्यांत सत्तावीस जागा

आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टींवर चिडले त्यांची यादी केली, तर नवऱ्याचा नंबर दुसरा लागेल. पहिला नंबर पडद्याच्या रुंदीचा. हे ऐकून माझी भाची हसते. तिच्या मोबाइलवर कुठलंही पान उघडलं की ते मुकाट्याने अंग चोरून बसतं, फोन आडवा केला की ऐसपैस पसरतं, आणि तिला वाटतं पानं जन्मतःच अशी शहाणी असतात. तिला काय सांगू? आमच्या वेळी पान एका मापाचं करायचं आणि ते माप ज्याच्या पडद्याला बसत नाही त्याच्या शिव्या खायच्या, असा कारभार होता. त्या कारभारातली माझी पहिल्या महिन्याची कमाई म्हणजे शिव्या, डोकेदुखी आणि एक चूक. शिव्या आणि डोकेदुखी कधीच विसरले. चूक तेवढी लिहून ठेवते आहे.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून सायकलने पाऊण तासावर, तलावाच्या काठाला. तलाव मालगुजार जमीनदारांच्या वेळचा, मोठा. एका टोकाला मातीचा उंच बांध, म्हणजे पाळ, दुसऱ्या टोकाला जादा पाणी वाहून जायचा सांडवा. गावही तसंच दोन टोकांना वसलेलं, पाळीकडचे आणि सांडव्याकडचे. दोन्हीकडे मासे धरणारीच घरं, दोन्हीकडे एकमेकांच्या लेकी दिलेल्या, आणि तरी लग्नात वाढायला आधी कोणत्या बाजूने सुरुवात करायची यावरून दरवेळी तोंडं वाकडी व्हायची. आम्ही सांडव्याकडचे. आमच्या ओसरीवर बाबा दिवसभर जाळं विणत बसायचे. बांबूची सुई, बांबूचीच पट्टी, सुई फिरायची, गाठ बसायची, आणि गाठ बसली की बाबांच्या घशातून ‘हं’ असा बारीकसा आवाज निघायचा. त्या ‘हं’वर आमच्या घरातला दिवस चालायचा. अंगणात आई झिंगे वाळत घालायची आणि कावळ्यांशी भांडायची. सकाळी रात्रीच्या भातावर ताक, बाजूला तव्यावर परतलेले सुके झिंगे आणि जवसाची चटणी. त्या झिंग्यांचा वास माझ्या ओढणीत इतका मुरलेला होता, की कॉम्प्युटर क्लासमध्ये शेजारची मुलगी खुर्ची सरकवून बसायची. तिच्या घरी दर बुधवारी आमच्याच तलावाचे झिंगे शिजत, ते मला ठाऊक होतं, पण बोलणार कोण.

हा क्लास मूलच्या बाजारात, धानाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळे पडदे थरथरायचे आणि कीबोर्डावर कोंड्याचा पिवळा थर बसायचा. क्लास विलास सरांचा. सर नागपुरात वर्षभर शिकून आलेले, त्यामुळे त्यांच्याकडे दोनच प्रकारची वाक्यं होती: ‘नागपुरात असं करतात’ आणि ‘नागपुरात असं करत नाहीत’. चपला मात्र ते दाराबाहेर काढायला लावायचे, आणि तसं नागपुरात करत होते की नाही हे मी कधी विचारलं नाही. मी कोर्स संपवून तिथेच नव्या पोरांना टायपिंग शिकवायला लागले होते. वेबसाइट हा शब्द आमच्या तालुक्यात तेव्हा नवा होता आणि ती बनवता येणारी मी एकटी होते. म्हणजे सर सोडून. पण सरांना बनवण्यापेक्षा बघायला आवडायचं.

आमच्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष दौलतभाऊ, पाळीकडचे. ते कसल्याशा बैठकीला नागपूरला गेले आणि तिथे कुणीतरी त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेचं पान कॉम्प्युटरवर दाखवलं. झालं. परत आल्या आल्या ते क्लासचा जिना चढले. मी तिथे आहे म्हटल्यावर त्यांना अर्धं काम फुकटातच झाल्यासारखं वाटलं असावं. त्यांच्या अटी दोन. पहिल्या पानावर संस्थेचे सगळे सभासद एकाच फोटोत दिसले पाहिजेत, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. आणि पानाने पडदा पुरता भरला पाहिजे. ‘बाजूले मोकळी भिंत दिसाले नोको,’ ते म्हणाले, ‘लोकं म्हनतीन, संस्थेकडे दाखवाले काईच नाई.’ माणसं काय काय अटी घालतात आणि त्यांना त्या किती साध्या वाटतात, याचं मला आजही नवल वाटतं.

आता पडदा भरायचा म्हणजे कोणता पडदा? इथेच माझं घोडं अडलं. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी, हे एवढं समजलं तरी पुरे. क्लासमधल्या पडद्यावर आडव्या ओळीत आठशे ठिपके बसायचे. सरांनी स्वतःसाठी नवा मोठा पडदा आणला होता, त्यावर हजाराच्या वर बसायचे. आणि संस्थेच्या ऑफिसात कुठल्या तरी कचेरीतून निकालात निघालेला एक जुना डबा येऊन पडला होता, त्याच्यावर सहाशे चाळीस. त्यातही कडेची पट्टी वगैरे सोडली तर कामाचे सहाशेच. मी तो आठशेवर नेऊन पाहिला. पडदा थरथरायला लागला आणि अक्षरं इतकी बारीक झाली की दौलतभाऊ म्हणाले, ‘बाई, हे का मुंग्या सोडल्या?’ परत सहाशे चाळीसवर आणावा लागला. सर म्हणाले, ‘कुंदा, सहाशे चाळीसवर आता कोण बघतं? पान आठशेसाठी कर. नागपुरात सगळे आठशेसाठीच करतात.’ मला तेव्हा सरांचं ऐकायची सवय होती. मी पान सातशे साठचं केलं.

फोटोसाठी मूलचा फोटोवाला आणला. माणसं सव्वीस. त्याने पाळीवर सतरंजी टाकली आणि नेहमीसारखं सांगितलं, पुढचे बसा, मधले गुडघ्यावर, मागचे उभे. एकही माणूस हलला नाही. सांडव्याकडचे सगळ्यात वयस्क नानाजी म्हणाले, ‘मांगं उभा राह्यला, त्याच्या हाती जाळं कुठी?’ फोटोवाल्याला काही कळेना. त्याला कळणारच नव्हतं, तो दुकानदाराचा मुलगा. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमच्याकडे महाजाल लागतं. पाण्यात कमरेएवढं उभं राहून सगळ्या घरांनी मिळून ओढायचं ते मोठं जाळं. त्या जाळ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली. बापाची जागा मुलाकडे जाते, धाकट्याची थोरल्याला मिळत नाही, आणि भांडण कितीही झालं तरी माणूस आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर उभा राहत नाही. जागा आहे तोवर घराला मासळीत वाटा आहे. ती सव्वीस माणसं पाळीवर फोटोसाठीसुद्धा तशीच उभी राहिली, एका ओळीत, हातभर अंतर ठेवून, डावीकडून पाळीकडचे आणि उजवीकडे सांडव्याकडचे, शेवटी नानाजी. फोटोवाला मागे मागे जात शेवटी शेतात उतरला, तरी ओळ मावेना.

आणि त्या ओळीत एक जागा रिकामी होती. उजवीकडून आठवे माझे बाबा, त्यानंतर एक माणूसभर मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे पाळीकडचा पहिला माणूस, श्रावणभाऊ. ती मोकळी जागा महागूकाकाची. महागूकाका तीन पावसाळ्यांपूर्वी साप चावून गेला. त्याचा मुलगा सात वर्षांचा. आमच्याकडची रीत अशी, की पोरगा दोर धरायच्या वयाचा होईपर्यंत बापाची जागा तशीच मोकळी सोडायची. शेजारच्या दोघांनी हात लांबवून तेवढं जाळं सांभाळायचं, आणि वाटा विधवेच्या घरी पोचवायचा. म्हणजे बाबा आणि श्रावणभाऊ दीड दीड माणसाचं ओढायचे आणि एका माणसाचा वाटा घ्यायचे. बाबा यावर काही बोलायचे नाहीत. श्रावणभाऊ बोलायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळंच चूक नव्हतं, त्यांचा खांदा दुखरा होता. पाळीकडे कुजबुज चालू होती की ही रीत आता पुरे, जागा बुजवा, सगळे एकेक पाऊल सरका. महागूकाकाची बायको गिरजाबाई हे ऐकायची आणि आमच्या अंगणात आईसोबत झिंगे निवडत बसायची. त्या वाट्यावर तिचं घर चालत होतं. फोटोवाला म्हणाला, ‘तिथे खिंडार दिसतंय, जरा जवळ या ना.’ बाबा म्हणाले, ‘तेथी मानूस हाय. तुमी काढा.’

तेवढ्या लांब ओळीचे त्याने दोन फोटो काढले, एक पाळीकडच्यांचा, एक सांडव्याकडच्यांचा. ते मी क्लासच्या यंत्रात घालून जोडले. सांधा नेमका त्या मोकळ्या जागेतून गेला होता, त्यामुळे जोडायला सोपं पडलं, कुणाचा हात कापला गेला नाही. जोडलेला फोटो आपल्या गमछ्यासारखा, लांबच लांब आणि अरुंद. त्याच्या खाली मासळीची नावं, तलावाची माहिती, संस्थेचा पत्ता. क्लासच्या पडद्यावर पान झकास दिसलं. सर म्हणाले, ‘वा, अगदी नागपूरसारखं.’ मी ते फ्लॉपीवर घेतलं आणि ओढणीच्या टोकाला बांधून सायकलने गावी नेलं.

ऑफिसात सगळे जमले होते. बायका दाराशी. पान उघडलं, फोटो आला, आणि क्षणभर सगळे खूश झाले. मग नानाजींनी डोळे बारीक केले. ‘आमी कुठी गेलो?’ आठशेचं पान सहाशेच्या पडद्यात मावलं नव्हतं, उजवीकडची पाच माणसं कडेबाहेर राहिली होती. सगळी सांडव्याकडची. मी घाईघाईने म्हटलं, ‘आहेत आहेत, बाहेर आहेत,’ आणि खालची पट्टी धरून पान सरकवलं. नानाजी आले. त्यांच्यासोबतचे चौघे आले. तेवढ्यात मागून दौलतभाऊंचा आवाज, ‘अन् आता मी कुठी गेलो?’ पान सरकलं तसे डावीकडचे पाचजण गेले होते. पुन्हा डावीकडे नेलं, नानाजी गेले. उजवीकडे आणलं, अध्यक्ष गेले. कुणीतरी तोडगा काढला की मधोमध ठेवा. मधोमध ठेवलं तर दोन्ही टोकं गेली, आणि आता दोन्हीकडचे लोक माझ्यावर एकदम ओरडायला लागले. गावात बऱ्याच वर्षांत झालेली ही पहिली एकी. मला मात्र रडू येत होतं.

सांडव्याकडच्यांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. पहिल्या झटक्यात आपलीच माणसं का गेली, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्यांनीच ठरवून टाकलं: दौलतभाऊंनी सांगून कापलं. आणि कापलं कुणी? अंतारामच्या पोरीनं, म्हणजे मी. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर विणायला कुणी येईना. बाबांची सुई एकटीच फिरायची. मी जेवताना त्यांना समजवायला गेले की पडदा लहान आहे, पान मोठं आहे, माणसं कापलेली नाहीत, नुसती दिसत नाहीत. बाबांनी घास थांबवला. ‘दिसत नाई, त त्याइले काय मालूम कापली नाई मनून?’ आई म्हणाली, ‘जेवू दे त्याइले. तुहं हे कॉम्पुटर चुलीत घाल.’

मग मी काय काय नाही केलं. फोटोचे दोन तुकडे करून एकाखाली एक लावले, तर नानाजी म्हणाले, ‘आमाले खाली काऊन टाकलं?’ खालचा तुकडा वर घेतला, तर दौलतभाऊंनी तोच प्रश्न मला त्याच शब्दांत विचारला. पानाचं माप ठिपक्यांऐवजी टक्क्यांत देऊन ते लवचीक करून पाहिलं. अक्षरं वाकली, फोटो वाकला नाही. एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडायचं. शेवटी मी सगळं सोडून ठरवलं, पान सहाशेचंच करायचं, जगात कुणी का बघेना, ऑफिसातल्या डब्यावर सगळे दिसले पाहिजेत. सर नाराज झाले. म्हणाले, ‘मोठ्या पडद्यावर हे पान कोपऱ्यात बसल्यासारखं दिसेल.’ मी म्हटलं, बसू द्या.

सहाशे ठिपक्यांत ओळ बसवली, तर माणसं तांदळाएवढी झाली. दौलतभाऊंचा निरोप आला होता की बारीक चालेल, पण थोबाड दिसलं पाहिजे. त्या दिवशी दुपारपर्यंत दोनदा वीज गेली होती, दोन्ही वेळा माझं केलेलं काम पुसलं गेलं होतं. खाली गिरणी सुरू होती, पडदा थरथरत होता, पोरं मागे ‘ताई, माझा कर्सर गेला’ म्हणून ओरडत होती. मी फोटोकडे बघत होते आणि कुठे जागा मिळते ते शोधत होते. डाव्या कडेचं आभाळ कापलं. उजव्या कडेचं झुडूप कापलं. आणि मग माझी नजर मधल्या सांध्यावर गेली. तिथे मोकळी जागा होती. वाया जाणारी जागा. उजवा फोटो धरून डावीकडे सरकवला, बाबांचा खांदा श्रावणभाऊंच्या खांद्याला लागला, आणि ओळ सलग झाली. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती रीत मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होती. पण त्या क्षणी मला रीत दिसली नाही, ठिपके दिसले. बावीस ठिपके. ते वाचवून प्रत्येक माणूस किती मोठा झाला, हे मी नंतर गणित करून पाहिलं. जेमतेम एकेका ठिपक्याने.

दुसऱ्यांदा ऑफिसात सगळे जमले ते महाजालाच्या चार दिवस आधी. या वेळी पान उघडलं आणि टोकापासून टोकापर्यंत सगळे दिसले. चेहरे ओळखू येत नव्हते, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, प्रत्येकजण आपापल्या टोकाकडून मोजत होता आणि बोट ठेवत होता. ‘हा मी.’ ‘हा तू.’ नानाजी पहिले, ते खूश. दौलतभाऊ दुसऱ्या टोकाचे पहिले, ते खूश. बाबा आठवे, त्यांनी नुसतं ‘हं’ केलं. त्यांना चष्मा लागला होता आणि ते तो घालत नव्हते. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात दाराशी उभी असलेली गिरजाबाई पुढे आली. त्या सबंध फोटोत बायको कुणाचीच नव्हती, वाळवणं आम्ही करायची, बाजार आम्ही करायचा आणि फोटो त्यांचा. पण त्यातली एक जागा गिरजाबाईची होती, आणि ती तीच बघायला आली होती. तिने उजवीकडून मोजलं, हळू, काचेला हात न लावता. आठपर्यंत आली. मग थांबली.

‘नऊवर हा कोन उभा हाय?’ तिने विचारलं.

श्रावणभाऊंनी वाकून पाहिलं. ‘मीच हाय,’ ते म्हणाले, आणि त्यांनाही जरा चमत्कारिक वाटलं असावं. मग त्यांच्या मागून कुणीतरी बोललंच, ‘पाहा, कॉम्पुटरनं बी जागा बुजवली. आता पान्यात बी बुजवा.’ चार माणसं हसली. गिरजाबाई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ‘कुंदा, तूच केलं का माय हे?’

मी ‘हो’ म्हणाले. मावत नव्हतं म्हणाले. उद्या परत मोकळी करून आणते म्हणाले. दौलतभाऊ खुर्चीवरून म्हणाले, ‘जाऊ दे आता. मुश्किलीनं सगळे मावले. जो मानूस फोटोत नाई, त्याच्यासाठी बाकीच्या सव्वीसायले अजून बारीक करतं का?’ त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना खरंच ते पोरकट वाटत होतं. पण खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की बोलणं फोटोचं राहिलेलं नाही. इथे जागा बुजली, की चार दिवसांनी पाण्यातही बुजेल, आणि गिरजाबाईच्या टोपलीत पडेल ते भीक म्हणून पडेल. श्रावणभाऊ आपला खांदा चोळत खाली बघत होते.

बाबा उठले. त्यांना माणसांत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते माझ्याशीच बोलले, जणू आम्ही घरी ओसरीवर आहोत.

‘किती बारीक होतीन?’

‘एकेक ठिपका,’ मी म्हटलं. ‘एकेका माणसामागे एक. समजणारसुद्धा नाही.’

‘मंग कर बारीक. सगळ्यायले कर. मले बी.’ मग ते दौलतभाऊंकडे वळले. ‘भाऊ, तुमाले चालन का एक ठिपका कमी?’

दौलतभाऊ अध्यक्ष होते. सगळ्यांसमोर एक ठिपका नाही कसा म्हणणार? ते हसले आणि त्यांनी हात वर केला. नानाजी म्हणाले, ‘माहा बी घे बाई.’ आणि मग गंमत अशी झाली की एकामागून एक सगळे आपापला ठिपका द्यायला लागले, मी जणू झोळी घेऊन उभी होते. श्रावणभाऊ सगळ्यात शेवटी बोलले. ‘माहा घे,’ ते म्हणाले, ‘पन पान्यात अंताराम अन् मी जागा बदलू. माहा उजवा खांदा दुखते, अन् मोकळ्या जागेचा ओढा त्याच्यावरच येते. त्या बाजूले तो राहीन.’ आजवर कुणी जागा बदलली नव्हती. बाबा ‘हाव’ म्हणाले, आणि त्या साली महाजालात ते सांडव्याकडचे असून पाळीकडच्यांच्या ओळीत उभे राहिले, मधली जागा मोकळी सोडून. पुढे महागूकाकाच्या पोराने दोर हातात घेतला तोवर ती मोकळीच राहिली, आणि वाटा दरवर्षी गेला.

मी दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा उघडला आणि सांधा मोकळा केला. त्याला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम मी आदल्या आठवड्यात का केलं नाही, याची चीड मला अजून येते, आणि पडद्याच्या रुंदीवर मी जी आयुष्यभर डाफरत आले, त्यातली बरीचशी चीड खरं तर माझ्यावरची आहे. सरांनी आपल्या मोठ्या पडद्यावर ते पान लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘बघ, उजवीकडे केवढी जागा रिकामी पडली. काहीतरी टाक तिथे.’ मी म्हटलं, ‘राहू द्या सर.’ माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, सरांनी नागपूर काढलं नाही.

फ्लॉपी घेऊन मी ऑफिसात गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. गिरजाबाई आधीच येऊन पायरीवर बसली होती, सोबत कुणी नाही. मी पान लावलं. तिने पुन्हा उजवीकडून मोजलं. नऊवर आली आणि या वेळी तिने बोट पडद्यावर टेकवलं. बोट जागेपेक्षा मोठं होतं, त्याखाली एकीकडे बाबा झाकले गेले आणि दुसरीकडे श्रावणभाऊ. मग तिने बोट उचलून वाकून पाहिलं, खाली काय आहे ते.

‘लहान हाय,’ ती म्हणाली. ‘पन हाय.’